चार पॉइंट दोनचे तीन पॉइंट चार

‘गाडी किती देते?’ हा आपल्याकडचा राष्ट्रीय प्रश्न आहे. नवी बाइक घेतलेल्या मित्राला आपण आधी हे विचारतो, अभिनंदन नंतर. उत्तरही ठरलेलं असतं, ‘सिटीत पंचेचाळीस, हायवेला पंचावन्न.’ त्यातले पाच-सात आपण मनातल्या मनात वजा करतो आणि विषय संपतो. पाच-सातनं आपलं फार काही बिघडत नाही ना!

पण ज्याची गाडीच मुळात लिटरला चार देते, त्याचं काय?

माझ्या मामांची पांढरकवड्याला एक दहाचाकी आहे. सीझनमध्ये ती जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरून हैदराबादकडे निघते. १७० किलोची एक गाठ, अशा साधारण शंभर. हायवे ४४ (जुनी मंडळी त्याला अजून सातच म्हणतात, नंबर बदलला २०१० मध्ये) धरून पैनगंगा ओलांडली की तेलंगण. जाऊन-येऊन सातशे किलोमीटरच्या आसपास. गाडी वर्षानुवर्षं ४.२ देत होती. गेल्या दिवाळीच्या तोंडावर ती एकदम ३.४ वर आली.

०.८. इन्क्रिमेंटचे टक्के वाटावेत असा आकडा. पण जरा हिशेब करा. सातशे किलोमीटरला आधी १६७ लिटर लागायचं, आता २०६. फेरीमागे चाळीस लिटर जास्त. डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर साडेतीन हजार, महिन्याला आठ फेऱ्या म्हणजे अठ्ठावीस हजार. मामांच्या ड्रायव्हरचा पगार याहून कमी आहे.

आणि गाडी नेमकी तिथंच येऊन थांबली होती. ड्रायव्हरवर.

ट्रकच्या धंद्यात अॅव्हरेज पडला की पहिला शब्द निघतो ‘चोरी’. ढाब्यामागे पाइप टाकून डिझेल काढायचं आणि विकायचं, हे होतं, सगळ्यांना माहीत आहे. उस्ताद (आम्ही सगळे त्यांना उस्तादच म्हणतो) मामांकडे अकरा वर्षं आहेत. तरी मामी चहा गाळता गाळता म्हणालीच, ‘पोरीचं लगन काढलं ना त्यायनं औंदा. पैसा लागतेच बाप्पा.’ मामा काही बोलले नाहीत. मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, ‘तू कंप्युटरवाला हायेस ना, पाहून सांग मले. गाडी पिऊन राहिली का माणूस?’

आता मी हिंजवडीत दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधले बग शोधतो. ट्रकचं मला शष्प कळत नाही. पण बग शोधायची एक रीत असते, आणि ती इंजिनलाही चालते. हळूहळू बिघडलं असेल तर झीज शोधा. एका आठवड्यात बिघडलं असेल तर त्या आठवड्यात काय बदललं ते शोधा.

त्याआधी मोजमाप. डिझेल भरताना फेस येतो, गाडी जरा तिरकी उभी असली तर टाकीत दहा-बारा लिटरचा घोळ सहज होतो. म्हणजे एका फेरीच्या आकड्यावर कुणालाही फासावर द्यायचं नाही. तोच पंप, तीच जागा, टाकी काठोकाठ ते टाकी काठोकाठ, अशा तीन फेऱ्या. मामांनी त्या लिहूनच ठेवल्या होत्या, बिल्टीच्या मागे, पेन्सिलनं. ३.४, ३.५, ३.४. घट खरी होती.

मग मी एक साधा विचार केला. एका लिटर डिझेलमध्ये जवळपास दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. फेरीला चाळीस लिटर जास्त म्हणजे चारशे युनिट, तुमच्या वन बीएचकेचं दोन-तीन महिन्यांचं बिल! एवढी ऊर्जा गाडीत जळत असेल तर ती गुपचूप जाणार नाही. धूर दिसेल, काहीतरी तापेल, नाहीतर ओढ कमी झालेली जाणवेल. आणि डिझेल ढाब्यामागे गेलं असेल तर यातलं काहीच होणार नाही. गाडी ठणठणीत असेल आणि फक्त टाकी रिकामी.

म्हणजे प्रश्न उस्तादांनाच विचारायचा होता. ‘गाडीत काही फरक वाटतो का?’

ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘पंधरा दिवसापासून सांगून राहिलो ना भाऊ! चढावर दम नाही गाडीत. शिट्टी मारते. मांगून काळा धूर. कोणी आयकतच नाही.’

खरंच कुणी ऐकलं नव्हतं. संशयितानं दिलेली माहिती कोण नोंदवतो?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गाडीत बसलो. आदिलाबादच्या दिशेनं भरल्या गाडीनिशी चढ लागला आणि शिट्टी मलाही ऐकू आली. बाहेर आरशात काळा धूर. काळा धूर म्हणजे इंजिनला डिझेल मिळतंय, पण ते नीट जाळायला पुरेशी हवा मिळत नाहीये. हवा दोन ठिकाणी अडते किंवा गळते. एक, एअर फिल्टर. वणीच्या कोळसापट्ट्यातल्या धुळीत चार फेऱ्या मारलेल्या गाडीचा फिल्टर बघा, काळा मखमली दिसतो! पण आमचा ठीक होता. दुसरी जागा म्हणजे टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज पाइप. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, त्यात बारीक तेलाचा अंश असतो. पाइप फाटला की तिथं तेलकट काजळी धरते. बायपासवरच्या मिस्त्रीनं वाकून पाइपच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. बोटभर लांबीची चीर, क्लिपच्या अगदी जवळ. वरून दिसतच नव्हती. शिवाय गाडी उभी असताना टर्बोचा दाब नसतो, त्यामुळे नुसतं स्टार्ट करून बघणाऱ्याला शिट्टीही ऐकू येत नाही.

मिस्त्रीच म्हणाला, ‘चाकं बी पाहून घ्या.’ पंचवीसेक किलोमीटर, होता होईल तो ब्रेक न मारता चाललो, थांबलो, आणि प्रत्येक ड्रमवर बाटलीतून थोडं पाणी टाकलं. (हात लावायचा नाही, सोलून निघतो.) बाकीच्यांवर पाणी नुसतं ओघळलं. मागच्या डाव्या दोन चाकांवर चर्रर्र झालं. महिन्याभरापूर्वी एका गॅरेजमध्ये लायनर बदलले होते, ते अॅडजस्ट करताना जास्त आवळले गेले होते. म्हणजे ब्रेक कायम थोडा लागलेलाच. एक पाय अॅक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवून हैदराबादला जाऊन यायचं, तसं.

तिसरी गोष्ट मामांच्याच वहीत सापडली. त्याच महिन्यात इंजिनचा जोर ज्या एक्सलवर येतो, त्याचे चारही टायर नवे टाकले होते. नवा टायर गुळगुळीत टायरपेक्षा सेंटिमीटरभर उंच. एका फेऱ्यात तो जास्त अंतर कापतो, मीटर मात्र फेरेच मोजतो. हायवेच्या दगडांवरून ताडून पाहिलं. दगडांप्रमाणे ५० किलोमीटर, मीटरवर ४९. दोन टक्के अंतर मीटरनं लिहिलंच नव्हतं.

एवढं सगळं शोधेपर्यंत मला एकच मोठा चोर पकडायचा होता, सिनेमात असतो तसा. निघाले तीन भुरटे. कुणाचा वाटा किती, हे मिस्त्रीलाही नक्की सांगता येईना. तो म्हणाला, होजनं सगळ्यात जास्त खाल्लं, कारण दम नाही म्हणून उस्ताद खालचे गिअर लावत होते. मला ते पटलं.

(तुमच्या कारचा अॅव्हरेज अचानक पडला असेल, तर मिस्त्रीकडे जायच्या आधी टायरमधली हवा बघा आणि गाडी थांबवून चाकाजवळ तळहात धरा. आणि ऑफिसबाहेर एसी लावून कुणाची वाट बघत अर्धा अर्धा तास बसत असाल, तर तो दोष गाडीचा नाही. उभी गाडी लिटरला शून्य देते.)

होज बदलला, ब्रेक सैल केले. खर्च एका फेरीच्या नुकसानीपेक्षा कमी आला. पुढच्या तीन फेऱ्यांचा अॅव्हरेज ४.१. मामांना ते ०.१ आठवडाभर छळत होतं. मीटर दोन टक्के कमी लिहितोय म्हटल्यावर ते आकड्यावर चढवून बघितलं, तेव्हा कुठे वही बंद झाली.

उस्तादांना कुणी सॉरी म्हटलं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. मामी एवढंच म्हणाली की पोरीच्या लग्नात भांडी आपल्याकडून. त्यावर उस्ताद म्हणाले, ‘भांडे राहू द्या वहिनी. पुढच्या बारीले गाडी शिट्टी मारली म्हटलं, तं आयकजा फकस्त.’