पानामागची मराठी

वेबवरील कोणत्याही पानावर आपल्याला दिसते त्याहून थोडे अधिक लिहिलेले असते. पानाचा मूळ स्रोत उघडला की मजकुराभोवती एचटीएमएलच्या खुणा दिसतात, आणि त्या खुणांच्या मधूनमधून पान रचणाऱ्याने स्वतःसाठी किंवा आपल्यानंतर येणाऱ्यासाठी लिहून ठेवलेल्या चार-दोन ओळी. कोनी कंस, उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा यांनी अशी टिप्पणी सुरू होते. दोन रेघा आणि उलटा कंस आला की संपते. मधला मजकूर ब्राउझर पडद्यावर आणत नाही. ‘येथून डावा रकाना’, ‘हा तक्ता दरवर्षी जूनमध्ये बदलावा’ अशा स्वरूपाच्या या ओळी. तांत्रिक बाब म्हणून आपण मराठीच्या लोकांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. वस्तुतः ते गद्यलेखन आहे. आणि अस्सल मराठी मजकुराच्या पानांवरही, निदान माझ्या पाहण्यात, ते गद्य बहुधा इंग्रजीत असते. तेव्हा हा आपल्याच विषयाचा प्रश्न ठरतो.

या टिप्पण्यांची गरज का पडते, हे मोडी कागद हाताळलेल्याला चटकन कळावे. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत, विरामचिन्हे नसत. मजकूर नेमका कोठे संपला हे सांगण्यासाठी पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, म्हणजे खाली कोणी पदरचे काही घुसडू नये. माथ्यावर शिक्का, तळाशी मोर्तब. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तेथलाच. एचटीएमएलमध्येही एकात एक बसवलेले अनेक विभाग असतात आणि त्यांच्या शेवटाच्या खुणा अगदी एकसारख्या दिसतात. लागोपाठ सहा विभाग बंद झाले तर कोणती खूण कोणाची, हे रचणारा स्वतःदेखील महिन्याभराने सांगू शकत नाही. तेथे ‘मुख्य मजकूर समाप्त’ ही टिप्पणी मोर्तबाचे काम करते.

तिचा दुसरा उपयोग म्हणजे मजकूर तात्पुरता झाकणे. हस्तलिखितात चुकीच्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण आज निंदेने वापरतो, पण मुळात ते लेखनिकाच्या दक्षतेचे काम होते. टिप्पणीच्या खुणांत टाकलेला मजकूर मात्र पुसला जात नाही, जसाच्या तसा शिल्लक राहतो. एक पथ्य तेवढे पाळावे लागते. टिप्पणीच्या पोटात टिप्पणी चालत नाही; शेवटाची पहिली खूण दिसली की ब्राउझर टिप्पणी संपली असे धरतो आणि उरलेले पडद्यावर सांडते.

तिसरा उपयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे निर्णयाचे कारण नोंदवणे. महानुभावांच्या परंपरेत याचा मोठा दाखला आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नाहीशी झाल्यावर ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आठवणीतून पाठ पुन्हा उभे राहिले, हिराइसेचा पाठ त्यांतलाच. आठवणींत तफावत आली तेथे एक पाठ ठेवून दुसरा फेकून दिला नाही. ‘वासना’ म्हणून भिन्न पाठ नोंदवून ठेवले. आज संशोधकाला त्या नोंदी मूळ मजकुराइतक्याच मोलाच्या वाटतात.

आता आपल्या पानांकडे वळू. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तो मराठी वेबचाही बाल्यकाळ. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी पाने शिवाजी, किरण, सुशा अशा फॉन्टांत रचली जात. पडद्यावर देवनागरी दिसे, पण स्रोत उघडला की रोमन अक्षरांचा निरर्थक गोळा. त्या गोळ्यात वाचता येण्याजोगे असे फक्त इंग्रजी टिप्पण्यांचेच असे, म्हणून त्या इंग्रजीत लिहिल्या गेल्या. तेव्हा ती अपरिहार्यता होती. युनिकोडने ती कधीच संपवली; खुणांची नावे इंग्रजी राहिली तरी टिप्पणी देवनागरीत लिहायला काडीचीही अडचण नाही. सवय मात्र गेली नाही. मराठी दिवाणखान्यात आणि इंग्रजी माजघरात, अशी ही व्यवस्था आहे. जी भाषा केवळ दाखवायला वापरली जाते आणि काम करताना बाजूला ठेवली जाते, तिच्याविषयीची आपली भाषणे कितपत खरी मानायची?

हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही. लहान गावातल्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ एखादा हुशार माजी विद्यार्थी करून देतो, मग तो नोकरीसाठी नांदेडला, पुण्याला जातो. पान मागे राहते. पुढे ते सांभाळायला येतो तो बहुधा मराठीचा, इतिहासाचा एखादा प्राध्यापक किंवा कार्यालयातला लिपिक. त्याला समजेल अशा भाषेत दोन ओळी नसतील तर तो काहीच बदलत नाही, आणि पान वर्षानुवर्षे जुन्या सूचना मिरवीत राहते.

अर्थात सगळेच टिप्पणीत टाकू नये. समजा, विभागाने नरसीच्या नामदेवांवर पान केले आणि जन्मस्थान नरसी असे लिहिले. नरसी की पंढरपूर, हा मतभेद अभ्यासकांत आहे. तो पडद्यामागे ‘वाद आहे, तपासावे’ असा नोंदवून समोर निःशंक विधान करणे हा वाचकाशी अप्रामाणिकपणा होईल. मतभेद तळटिपेत, सर्वांसमोर हवा. ‘या परिच्छेदाचा दुवा दुसऱ्या पानावरूनही येतो, नाव बदलू नये’ हे मात्र टिप्पणीत शोभते. शंका वाचकाची, व्यवस्था सहकाऱ्याची.

‘लपलेली टिप्पणी’ या नावानेही घोटाळा होतो. महानुभावांनी सकळ लिपी वापरली ती परक्याला ग्रंथ कळू नये म्हणून. वेबपानावरची टिप्पणी तशी गुप्त नाही. स्रोत उघडणाऱ्या कोणालाही ती दिसते. म्हणून तेथे संकेतशब्द, दूरध्वनी क्रमांक किंवा प्राचार्यांविषयीचे खाजगी मत लिहिणारा माणूस भाबडाच म्हणावा लागेल.

आता पाने हाताने कोण रचतो, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा आहे. २०१४ साली प्रमाणित झालेल्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने शीर्षभाग, मुख्य भाग, तळभाग यांना स्वतंत्र खुणा दिल्या, त्यामुळे ‘येथून शीर्षभाग’ असे सांगणाऱ्या टिप्पण्या बऱ्याच अंशी अनावश्यक झाल्या. पण २०१८च्या डिसेंबरात आलेली वर्डप्रेसची पाचवी आवृत्ती पाहावी. तिचा संपादक प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चित्र एचटीएमएल टिप्पण्यांच्याच जोडीत बांधून साठवतो आणि वाचकाकडे पान पाठवताना त्या गाळतो. कोणता भाग कोठे सुरू झाला, हे यंत्र नोंदवू शकते. तो तेथे का ठेवला, हे लिहायला माणूसच लागतो.

एम.ए.ला उपयोजित मराठीच्या तासाला आपण जाहिरात लिहवून घेतो, वृत्तलेखन करवतो, पारिभाषिक संज्ञा पाठ करवतो. त्यातच एक स्वाध्याय सहज घालता येईल. विभागाच्या पानाचा स्रोत छापून विद्यार्थ्यांना द्यावा आणि त्यात दहा टिप्पण्या मराठीत लिहायला सांगाव्यात. प्रत्येक एका ओळीची, आणि पान कधीही न पाहिलेल्या कार्यालयीन लिपिकाला कळेल अशी. ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ वापरल्यास गुण कापावेत.