गणित सोडताना काय सुटते?

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या, आणि बारावीमागोमाग पदवीच्या प्रवेशांची धांदल सुरू होते. उजनी जलाशयाच्या काठावरील केत्तूर, वाशिंबे, कुगाव, कंदर अशा गावांतून मुले-मुली पालकांना बरोबर घेऊन करमाळा, टेंभुर्णी, इंदापूर येथील महाविद्यालयांत येतात. अर्जावरील विषयांचे रकाने भरण्याची वेळ आली की त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, गणित नसलं तरी चालेल ना?" प्रवेशाच्या टेबलामागे बसलेला आमच्यापैकी कोणीतरी "चालेल" असे म्हणतो, रांग पुढे सरकते, आणि एका मिनिटात एक निर्णय होऊन जातो. त्या एका शब्दाने कोणत्या वाटा बंद झाल्या, हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. पुष्कळदा सांगणाऱ्यालाही ते नीट ठाऊक नसते.

प्रत्येकाने गणित घेतलेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. गणितात नापास झाल्यामुळे शाळा कायमची सुटलेली मुले प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांच्यात मुलींची परवड अधिक होते. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये गणित ऐच्छिक ठेवता येईल काय, अशी विचारणा केली होती. २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एक प्रस्ताव चर्चेत आला. गणितात किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, परंतु किमान २० गुण मिळालेल्या विद्यार्थ्यास अकरावीत जाऊ द्यावे. मात्र पुढे त्या विषयांवर आधारलेले शिक्षण त्यास घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, असा त्याचा आशय होता. दहावीच्या उंबरठ्यावर अडलेल्या मुलांना पुढे जाऊ देण्याचा हेतू चांगलाच आहे. प्रश्न त्या शेऱ्याचा आहे. सोळाव्या वर्षी मिळालेला शेरा विसाव्या वर्षी पुसता येईल अशी सोय नसेल, तर ती सवलत म्हणजे थोडी पुढे सरकवलेली भिंतच होय.

"आमच्या पोराला गणित येत नाही," हे वाक्य पालक फार सहज उच्चारतात. ते कितपत खरे आहे? उजनी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ५३.५ अब्ज घनफूट, आणि त्याखालचा मृतसाठा सुमारे ६३.५ अब्ज घनफूट. उन्हाळ्यात पाणी उपयुक्त पातळीच्या खाली गेले की वृत्तपत्रे "उजनी उणे ३० टक्के" असे मथळे देतात. शून्याच्या खाली पाणी कसे असेल, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला पडतो. काठावरच्या मुलाला पडत नाही. उपयुक्त साठ्याच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे १६ अब्ज घनफूट पाणी मृतसाठ्यातून गेले आणि सुमारे साडेसत्तेचाळीस उरले, हे तो पारावर बसून सांगेल. विद्युतपंप आणखी किती पाइप पुढे न्यावा लागेल, याचा हिशेबही तो त्याच दमात करील. ऋण संख्या, शेकडेवारी आणि आरंभबिंदूची निवड या तिन्ही कल्पना त्यात आहेत.

उसाचेच पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के साखर उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनास ३,५५० रुपये आहे. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात, आणि कमी झाला की तेवढेच घटतात. मात्र उतारा साडेनऊ टक्क्यांच्या खाली गेला तरी दर ३,२९० रुपये ५० पैशांच्या खाली जात नाही. ११ टक्के उताऱ्यास किती, असे विचारले तर शेतकऱ्याचा मुलगा ३,८०९ रुपये ५० पैसे हे उत्तर काढतो आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा करायलाही विसरत नाही. हाच हिशेब आलेखावर मांडला की साडेनऊपर्यंत आडवी आणि तेथून पुढे चढत जाणारी रेषा मिळते. गणिताच्या पुस्तकात तिला फलन म्हणतात. मुलाला फलन कळते. फलनाची भाषा कळत नाही. ती कोणी त्याच्या हिशेबाशी जोडून दाखविलेली नसते, एवढाच याचा अर्थ. म्हणून भाषा येत नाही एवढ्यावरून बुद्धी नाही, असा निकाल देणे हा अन्याय आहे.

हे मी स्वानुभवाने सांगतो. दहावीला मला गणितात बेताचे गुण होते. ते पाहून एका सद्गृहस्थ शिक्षकांनी "तू कला शाखेला जा, गणिताची कटकट नको" असा सल्ला दिला, आणि मी तो मानला. अर्थशास्त्र आवडले म्हणून एम.ए.ला गेलो. पहिल्याच महिन्यात सीमान्त खर्च आणि सीमान्त उत्पन्न कलनशास्त्राच्या चिन्हांत फळ्यावर आले. सिद्धान्त कळत होता, चिन्हे कळत नव्हती. वसतिगृहातील विज्ञान शाखेच्या एका मित्राने दिवाळीच्या सुटीत रोज दोन तास बसवून मला त्यातले आवश्यक तेवढे शिकविले. सुटी संपली तेव्हा वर्गात चाललेले समजू लागले होते. पाच वर्षे ज्याची भीती वाटत होती, ते पाच आठवड्यांचे काम निघाले. माझ्याबरोबरच्या दोघांना असा मित्र मिळाला नाही. त्यांनी अभ्यासक्रम सोडला.

म्हणून प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला "चालेल" किंवा "चालणार नाही" एवढेच सांगून भागणार नाही. कशासाठी किती गणित लागते, ते स्पष्ट सांगितले पाहिजे. तलाठी, लिपिक किंवा बँकेच्या परीक्षांना दहावीपर्यंतचे अंकगणित पक्के असावे लागते. त्यासाठी अकरावीला गणित असण्याची गरज नाही. अभियांत्रिकी आणि वास्तुरचना यांच्या वाटा मात्र बारावीच्या गणितावाचून सहसा उघडत नाहीत. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत लष्करासाठी कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी अर्ज करू शकतो. पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे असतात, आणि नौदल व हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवेच. वाणिज्य शाखेत गणित सोडून चिटणीसाची कार्यपद्धती घेणे सोपे वाटते. परंतु सनदी लेखापालाच्या पायाभूत परीक्षेत गणित व संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका वाट पाहत असते. आणि अर्थशास्त्र? दिल्ली विद्यापीठात त्या विषयाच्या ऑनर्स पदवीला बारावीला गणित असण्याची अट आहे. आपल्याकडे अशी अट सामान्यतः नसते. म्हणून अडचण दाराशी न भेटता एम.ए.च्या वर्गात भेटते.

मग करायचे काय? पदवीच्या प्रवेशाबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याची एक साधी चाचणी घ्यावी. तीत अपूर्णांक, शेकडेवारी, समीकरणे आणि आलेख यांवरचे वीस-पंचवीस प्रश्न असावेत. तिचा उपयोग प्रवेश नाकारण्यासाठी न करता, कोणाला कोठून सुरुवात करून द्यायची हे ठरविण्यासाठी करावा. जे कमी पडतील त्यांच्यासाठी पहिल्या सत्रात सेतुवर्ग चालवावा. ही कल्पना नवी नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने आखलेल्या कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात बारावीला गणित नसलेल्यांसाठी प्राथमिक गणिताचा आणि जीवशास्त्र नसलेल्यांसाठी जीवशास्त्राचा पूरक अभ्यासक्रम ठेवला होता. उणीव आहे हे मान्य करून ती भरून काढण्याची जबाबदारी तेथे संस्थेने घेतली. कला व वाणिज्य महाविद्यालयांना हे का जमू नये?

येथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सामुदायिक महाविद्यालये अशा चाचण्यांच्या आधारे हजारो विद्यार्थ्यांना पूर्वतयारीच्या वर्गांत बसवीत. त्यांतील अनेक जण एकामागून एक असे वर्ग करीत राहिले आणि मूळ अभ्यासक्रमापर्यंत पोहोचलेच नाहीत. अखेर २०१७ मध्ये कायदा करून ही प्रथा मोडावी लागली. शाळेतील एकंदर प्रगती पाहून विद्यार्थ्याला थेट मुख्य वर्गात घ्यावे आणि मदत त्याच्या बरोबरीने द्यावी, असे धोरण ठरले. आपणही सेतुवर्ग मुख्य अभ्यासक्रमाच्या शेजारी ठेवावा, त्याच्या आड ठेवू नये. तो आठ-दहा आठवड्यांचा असावा, आणि त्यातील उदाहरणे उसाच्या पट्टीची, सोसायटीच्या व्याजाची, धरणाच्या साठ्याची असावीत.

प्राध्यापक अपुरे आहेत आणि वेळापत्रकात जागा नाही, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात अन्य विद्याशाखेतील खुले ऐच्छिक विषय घेण्याची तरतूद आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यासाठी त्या जागी गणिताचा पायाभूत विषय ठेवता येईल. ज्यांनी गणित सोडले आणि पुन्हा धरावेसे वाटले, त्यांना परतीची वाट यातूनच मिळेल.

या काठावरील पुष्कळ गावे १९८० च्या सुमारास पाण्याखाली गेली आणि नव्या गावठाणांत पुन्हा वसली. आज प्रवेशाच्या रांगेत उभी असलेली मुले त्या विस्थापितांची नातवंडे आहेत, आणि त्यांतील अनेक आपल्या घरातून महाविद्यालयात येणारी पहिलीच आहेत. घरी सल्ला देणारे कोणी नाही. जो काही सल्ला मिळेल तो टेबलामागच्या माणसाकडूनच. "गणित नसलं तरी चालेल ना?" या प्रश्नाला आपण "तुला पुढे काय व्हायचे आहे?" असा प्रतिप्रश्न करावा आणि त्याचे उत्तर ऐकून मग बोलावे. त्याला पाच मिनिटे लागतात. रांग तेवढी थांबू शकते.