‘हिरो-झिरो’ म्हणजे नेमकं काय? ऑप्शन घेण्याआधी वाचा

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीत इसार म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. ऑप्शनचा ‘प्रीमियम’ साधारण तसाच. सौदा सोडला की गेला. फरक इतकाच, की इसार किमतीत वळता होतो, प्रीमियम होत नाही. भाव वाढेल वाटलं तर ‘कॉल’, पडेल वाटलं तर ‘पुट’. भाव हलला नाही तरी प्रीमियम रोज झिजतो. ही झीज म्हणजे ‘थीटा’. ती ऑप्शन विकणाऱ्याच्या खिशात जाते.

एक्स्पायरीच्या दिवशी दोन-पाच रुपयांचा ऑप्शन घेणं म्हणजे ‘हिरो-झिरो’. नावच फसवं आहे. हाती बहुतेकदा झिरोच येतो. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक.

टेलिग्रामवरचा ‘कॉल’ मात्र वेगळा, ती निव्वळ टीप. पाठवणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक आधी मागा.