पहारा आधी हवा

डुकरांचा विषय निघाला की आमच्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. ज्याच्या दारी डुकरे, त्यानेच काय ते पाहावे, ही समजूत त्यामागे असते. ती चुकीची आहे.

2013 मध्ये मिझोरामात डुकरांच्या ‘पीआरआरएस’ या रोगाची साथ आली. भारतातील ही पहिलीच नोंद. हा विषाणू फुफ्फुसांतील जंतू गिळणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. पहारेकरीच पडले, की एरवी दबून असलेले जंतू आत शिरतात आणि न्यूमोनिया बळावतो. पुष्कळदा जनावर दगावते ते या दुसऱ्या घाल्याने. प्रतिजैविके जंतूंना आवरतील. परंतु विषाणूपुढे ती निष्प्रभ ठरतात. त्यांचा सरसकट मारा झाला, तर औषधांना न जुमानणारे जंतू निपजतात, आणि ते माणसालाही सोडत नाहीत. 2009 ची इन्फ्लुएंझाची जागतिक साथ डुकरांतील विषाणूंपासूनच उद्भवली होती, हे विसरून चालणार नाही.

पेडणे व डिचोली हे आमचे सरहद्दीवरील तालुके. पत्रादेवीवरून आणि दोडामार्गाकडून वाहने रात्रंदिवस येतात. रोग काही नाक्यावर पावती फाडून आत शिरत नाही. म्हणून बाहेरून येणाऱ्या जनावरांचे आरोग्य दाखले नाक्यावर कसोशीने तपासले जावेत, नवे जनावर काही आठवडे कळपापासून वेगळे ठेवले जावे, आणि मेलेले जनावर गुपचूप न पुरता पशुवैद्यास कळवले जावे. दोन-चार डुकरांवर पोट असलेल्या कुटुंबास हे भय न वाटता करता यावे, यासाठी सरकारने नुकसानभरपाईची हमी द्यावी. शेजाऱ्याच्या कळपातील खोकला वेळीच ऐकणे, हे आमच्याही हिताचे आहे.