व्हेरी, टू आणि आपलं 'फारच'

आमच्या खानदेशातल्या मुलांच्या इंग्रजी निबंधात एक गंमत बरेचदा सापडते. आजी 'टू गुड', शाळा 'टू ब्यूटिफुल' आणि भरीत तर 'टू टेस्टी'! बोलताना हे कौतुक म्हणून खपून जातं. निबंधात मात्र 'टू' म्हणजे प्रमाणाबाहेर. चहा 'व्हेरी हॉट' म्हणजे खूप गरम, आणि 'टू हॉट' म्हणजे ओठाला लावता येत नाही इतका गरम. मग वहीवर लाल शेरा... इंग्रजी कच्चं!

मला हे पटत नाही. पोरगं कच्चं नाहीये, आपलं 'फार' लवचिक आहे. 'भरीत फार छान झालंय' हे कौतुक, 'भरीत फार तिखट झालंय' ही तक्रार. शब्द तोच. उरलेलं काम बोलण्याचा सूर करतो, नाहीतर शेवटचा 'च': फारच तिखट! इंग्रजीने ते काम दोन शब्दांना वाटून दिलंय, इतकंच.

शिवाय विशेषणाचा जोर वाढवणं मुलांना नवीन थोडंच आहे? हिरवागार, पिवळाधमक, काळाकुट्ट, लालभडक. 'हिरवाकुट्ट' कुठलंच मूल म्हणणार नाही. कोणाशेजारी कोण शोभतं ही जाण ते घरूनच घेऊन येतं. इंग्रजीतही काळोख 'पिच डार्क' असतो, पण थंडी 'पिच कोल्ड' नसते.

आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असायचं, २००० साली ते पहिलीपासून आलं. धुळ्याकडच्या कितीतरी घरांत तर अहिराणी बोलतात. म्हणजे शाळेतली मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा. अशा मुलाला 'अॅडव्हर्ब ऑफ डिग्री'ची व्याख्या घोकायला लावून काय साधणार?

त्यापेक्षा जळगावचा मे महिना घ्या ना. पारा पंचेचाळीसला टेकलाय. 'इट इज व्हेरी हॉट', म्हणजे खूप ऊन आहे, तरी पोरं खेळतायत. 'इट इज टू हॉट टू प्ले', म्हणजे इतकं ऊन की खेळणंच बंद. हा फरक आपल्या पोरांना कोणी वेगळा शिकवायला हवा का?

असो. तुमच्या घरातल्या शाळकरी मुलांना एवढंच विचारून बघा: चहा 'फार गोड' आणि 'फारच गोड' यात प्यायचा कुठला अन् परत करायचा कुठला? उत्तर आलं, की 'व्हेरी' आणि 'टू' निम्मे शिकवून झाले समजा.