मनगटावरचे संकल्प

संकल्प विकत मिळू लागले आहेत. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात कोणत्याही शहराच्या बाजारातून नुसती एक चक्कर मारली तरी याची खात्री पटते. एका दुकानात मनःशांती देणारे मण्यांचे कंकण टांगलेले असते, शेजारीच धैर्य देणारे. मण्यांचा रंग निराळा आणि किंमतही निराळी. पलीकडे कातडी बांधणीची वही असते. तिच्या पहिल्याच पानावर नव्या वर्षाचे संकल्प लिहिण्यासाठी बारा रेघा आखून ठेवलेल्या असतात, जणू अकरा संकल्पांचा मनुष्य अपुरा आणि तेरांचा अतिलोभी. त्याच्याही पलीकडे काचेच्या कपाटात पावले मोजणारे, नाडी मोजणारे, आपण झोपलो की झोपही मोजणारे घड्याळ असते. विक्री करणारा मुलगा मोठ्या अदबीने सांगतो, "हे घ्या साहेब, वर्ष आनंदात जाईल." कंकण, वही आणि घड्याळ या तिन्ही वस्तूंशी माझे वैर नाही. माझे भांडण त्या वाक्याशी आहे. आणि तो मुलगा बिचारा पोटासाठी बोलतो, तेव्हा खरे म्हणजे ते वाक्य ऐकून पाकीट उघडणाऱ्या आपणा सर्वांशी आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, आला एक जुन्या वळणाचा उपदेशक, आता हा बायकांच्या नटण्यावर घसरणार! तसे काही होणार नाही. नटण्यावर ज्यांचा राग असतो त्यांचा राग बहुधा फक्त बायकांच्या नटण्यावर असतो. कोटाच्या खिशाला लटकवलेले झाकणाचे पेन, बोटातली पुष्कराजाची अंगठी आणि उन्हात न जाताही नाकावर चढलेला काळा चष्मा यांना ते नटणे म्हणतच नाहीत. मनुष्य नटतो, नटावे. ज्या घरात दिवाळीला कोणी काही नवे घातले नाही त्या घरात काही तरी दुखते आहे असे समजावे. पूर्वी सणाच्या आधी कासार दारी यायचा. आळीतल्या साऱ्या बायका ओटीवर जमायच्या, तो हात दाबून दाबून बांगड्या चढवायचा, एखादी पिचकली की हशा व्हायचा. त्या कासाराने हिरव्या चुड्याची भरपूर तारीफ केली असेल. पण 'ही बांगडी घाला, तुमचा स्वभाव सुधारेल' असे त्याने कोणाला सांगितल्याचे ऐकिवात नाही. बांगडी हौसेसाठी होती, आणि हौस म्हणूनच तिचे पैसे मोजले जात. तो सौदा स्वच्छ होता.

(हा लेख ज्या पानावर छापला जाईल त्याच्या समोरच्या पानावर एखाद्या सराफाची जाहिरात असण्याचा दाट संभव आहे. दिवाळी अंक जाहिरातींवर चालतात, हे मला ठाऊक आहे. सराफाने सोने विकावे. त्याविषयी माझी काही तक्रार नाही.)

तक्रार सुरू होते ती 'संकल्प' या शब्दापाशी. ज्या घरी सत्यनारायण किंवा गणपतीची पूजा होते तेथील लहान मुलालाही संकल्प कसा सोडतात हे माहीत असते. यजमान पाटावर बसतो, उजव्या तळहातावर पाणी आणि अक्षता घेतो. गुरुजी आधी देश सांगतात, मग काळ सांगतात. शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, काही म्हणता काही सुटत नाही. त्यानंतर ज्याचा संकल्प आहे त्याचे नाव आणि गोत्र. इतके झाल्यावर, मी अमुक कर्म करणार, असे नेमके उच्चारायचे आणि हातातले पाणी ताम्हनात सोडायचे. पूजेवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, या रचनेतली शिस्त पाहण्यासारखी आहे. कोण, कुठे, केव्हा आणि काय, हे चारही प्रश्न तेथे सुटलेले असतात. शिवाय शेवटी हातातून काही तरी जाते. पाणी सोडणे याचा आपल्या भाषेत दुसरा अर्थ काय होतो, हे मराठी वाचकाला सांगावयास नकोच. इस्टेटीवर पाणी सोडले म्हणजे ती गेली.

आता त्या बारा रेघांच्या वहीत लोक काय लिहितात ते पाहा. 'यंदा मी आनंदी राहीन.' 'स्वतःवर प्रेम करीन.' 'सकारात्मक विचार करीन.' यांत कर्म कुठे आहे? 'यंदा मी आनंदी राहीन' हा संकल्प 'यंदा मी चांगला पाऊस पाडीन' याच जातीचा आहे. आनंद ही काही करावयाची गोष्ट नव्हे. दुसरे काही करीत असताना तो आला तर येतो. आणि सोडायचे काय, याचा तर त्या वहीत उल्लेखच नसतो. उलट वहीचे पैसे देऊन आपण घरात एका वस्तूची भर घातलेली असते.

अंगावरची वस्तू आणि मनातला निश्चय यांचा संबंध नसतोच, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे तो फार जुना आहे आणि बाजाराने तो तेथूनच उचलला आहे. विसरू नये म्हणून पदराला गाठ मारणारी आजी, अनंत चतुर्दशीला चौदा गाठींचा दोरा दंडाला बांधणारे आजोबा, ही सारी त्याच रीतीची माणसे. पण सर्वांत स्वच्छ उदाहरण वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेचे. 'माळ घातली' एवढे दोन शब्द उच्चारले की खेड्यातल्या कोणालाही पुढचे सांगावे लागत नाही. मांस गेले, दारू गेली, एकादशीचा उपास आला, पंढरीची वारी आली. लाकडाचे मणी आणि सुताचा दोरा, किंमत म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. माळेचे सारे मोल ती घालणाऱ्याने पुढे जन्मभर चुकवायचे असते. शिवाय सारा गाव साक्षीदार. माळकरी दारूच्या गुत्त्याच्या वाटेला दिसला तर पोरेसुद्धा विचारतात.

माळ घालूनही लबाडी करणारे होते आणि आहेत, हे खरेच आहे. 'मुखात राम, बगलेत सुरी' ही म्हण काही उगीच झाली नाही. नुसत्या माळा-टिळ्यांवर सर्वांत कठोर कोरडे ओढले ते संतांनीच. पण ढोंगी माळकऱ्याला ढोंगी म्हणता येते याचे कारण माळेने काही तरी कबूल केलेले असते. मनःशांतीचे कंकण घालून जो मनुष्य रिक्षावाल्यावर आणि मोलकरणीवर ओरडतो त्याला काय म्हणायचे? त्याने कोणाला काही कबूलच केलेले नाही. फार तर कंकण सदोष निघाले म्हणून तो दुकानात परत देईल.

याच्या उलट बाजूचा इतिहासही आपल्याच घरचा आहे, आणि तो दिवाळीच्या फराळाबरोबर वाचला जात नाही म्हणून मुद्दाम येथे मांडतो. १९२७ सालच्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, ते पुस्तकांतून सर्वांना माहीत असते. त्याच परिषदेत बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले, आणि बोलले ते लुगड्यांविषयी आणि दागिन्यांविषयी! आजच्या एखाद्या गंभीर विद्वानाला हा विषय हलका वाटला असता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बायकांनी लुगडे कसे नेसायचे, गळ्यात काय घालायचे, कोपरापर्यंत हात कशाने भरायचे, हे सारे रूढीने ठरवून टाकलेले होते. ती बाई कोणाची, हे वीस पावलांवरून ओळखता यावे अशीच ती सोय होती. बाबासाहेबांनी सांगितले, ही ओळख अंगावरून उतरवा. चांदीची आणि कथलाची ती ओझी घालू नका, लुगडे नीट पायघोळ नेसा, दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही तर नको. त्याच दमात मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका आणि मुलींना शाळेत घाला, हेही सांगितले. आणि त्या बायकांनी काय केले? त्यांनी हे वहीत लिहून ठेवले नाही. परिषद संपून घरी जाण्याआधीच त्यांनी नेसण्याची धाटणी बदलली. सवर्ण घरांतल्या काही बायकांनी त्यांना नव्या तऱ्हेने नेसण्यास हातभार लावला, असेही नमूद आहे.

असेच एकदा दूर केरळातही घडले होते. कोल्लमला १९१५ साली अय्यंकाळींच्या सभेत पुलय स्त्रियांनी जातीची खूण म्हणून गळ्यात वागवाव्या लागणाऱ्या दगडी मण्यांच्या माळा तेथेच काढून टाकल्या. मणी, माळा, कडी, बांगड्या यांच्याशी माणसाच्या सुखाचा संबंध असतो की नाही, हे त्या बायकांना विचारावे. असतो, फार असतो. पण त्या संबंधात दुकानदाराचे नाव कोठेच येत नाही. परत गावी गेल्यावर, नव्या तऱ्हेने लुगडे नेसून पाणवठ्याच्या वाटेने चालताना काय काय ऐकून घ्यावे लागेल, याची त्या महाडच्या बायकांना पुरती कल्पना होती. तरीही त्या तशा चालल्या. संकल्प या शब्दाला जे वजन आहे ते अशा चालण्याने आलेले आहे, आणि तेच आज पुठ्ठ्याच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापून खपवले जाते. याचा राग यावयास हवा. मला येतो.

चालण्यावरून आठवले. रोज दहा हजार पावले चालावीत हा आजच्या सुशिक्षितांचा गायत्रीमंत्र झाला आहे. संध्याकाळी बागेत पाहावे तर मंडळी मनगट डोळ्यांसमोर धरून चालत असतात. नऊ हजार आठशे झाली की घराच्या फाटकासमोर येरझारा घालून हिशेब पुरा करतात. हा आकडा कोणा धन्वंतरीने सांगितलेला नाही. टोकियोचे ऑलिम्पिक सामने झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९६५ साली, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता, कानाला बरा लागत होता, यंत्र खपले. पुढे २०१९ साली अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण कमी होत जाते खरे. पण साधारण साडेसात हजार पावलांच्या पुढे तो फायदा वाढत नाही. चालणे उत्तमच आहे. मौज एवढीच की ज्याला आपण स्वतःचा निश्चय समजतो तो साठ वर्षांपूर्वी एका यंत्राच्या नावातून आपल्या मनगटावर येऊन बसलेला असतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर पायी जाणाऱ्या म्हातारीने किती पावले टाकली हे तिला कोणी विचारले नाही.

यावर मित्रमंडळींचे एक उत्तर ठरलेले असते. "अहो, निदान सुरुवात तर होते! वस्तू घेतली की हुरूप येतो." हुरूप येतो हे मान्य. पण तो जातो कुठे? बहुतेक घरांतल्या कपाटात त्याचा पत्ता लागतो. व्यायामाचे बूट, योगासनांची चटई, तीन पाने भरलेली वही. संकल्पाची जी काही ऊब मनात निर्माण झाली होती ती खरेदीच्या समाधानातच निवून जाते, आणि दुकानातून बाहेर पडताना आपल्याला वाटते की अर्धे काम झाले. बंगळुरास १९६१ साली सुरू झालेल्या सरकारी कारखान्यातली एच.एम.टी.ची घड्याळे पुष्कळांच्या आठवणीत असतील. तो घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. त्यांतल्या 'जनता'सारख्या घड्याळाला रोज ठरल्या वेळी चावी द्यावी लागे. विसरलात की ते बंद पडे. ते घड्याळ मालकाकडून रोज काही मागून घेत होते. आताचे घड्याळ मागत काहीच नाही, नुसते कौतुक करते.

वस्तू विकत घेऊन तिच्यामागचा निश्चय हाती येत नाही, याचा जाहीर पुरावा न्यूयॉर्कला २००९ सालच्या मार्चमध्ये मिळाला. महात्मा गांधींचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ आणि ताट-वाटी यांचा तेथे लिलाव झाला. बोली अठरा लाख डॉलर्सवर थांबली. वस्तू देशाबाहेर राहिल्या असत्या, तेव्हा घेणाऱ्याचे आभारच मानले पाहिजेत. पण घेणारा होता मद्याच्या धंद्यातला एक बडा उद्योगपती. चष्मा आला, चपला आल्या, घड्याळ आले. दारूबंदीसाठी जन्मभर झटलेल्या त्या मनुष्याचे व्रत मात्र लिलावाच्या यादीत नव्हते.

तेव्हा यंदाच्या पाडव्याला काय करावे? पुरुषवाचकांना एक सुचवतो. ओवाळून झाल्यावर पत्नीच्या तबकात पावले मोजण्याचे घड्याळ घालण्याचा मोह पुष्कळांना होईल, कारण ते जाहिरातीत फार शोभून दिसते. स्वयंपाकघर, मोरी, गच्ची आणि मुलांची शाळा यांमध्ये ती बाई दिवसाकाठी किती चालते, हे मोजायला यंत्र कशाला हवे? हौस असेल तर खुशाल बांगडी घ्या, साडी घ्या, आणि ती हौस म्हणूनच द्या. संकल्प करायचा असेल तर ताम्हन घरात असतेच. पाटावर बसा, तिथी-वार सांगा, स्वतःचे नाव सांगा, आणि सकाळचा पहिला चहा मी करीन व स्वतःची ताटली स्वतः घासीन असे सर्वांसमक्ष, मुलांच्या देखत, मोठ्याने म्हणा. मग पाणी सोडा. पाडव्यापासून कार्तिकी एकादशीला दहा दिवस असतात. तेवढे निभावले तर पुढचे एकादशीला ठरवता येईल.