पानांची मोजणी झाली, आवाजांची कधी?

वाराणसीतील अमृतराव घाट पेशवे घराण्यातील अमृतरावांची आठवण सांगतो. काशीत मराठी माणसांनी घाट बांधले, अन्नछत्रे चालविली आणि हिंदी वृत्तपत्रसृष्टीही घडविली. शिवप्रसाद गुप्त यांनी १९२० मध्ये काशीत सुरू केलेल्या 'आज' या दैनिकाला लौकिक मिळवून दिला तो बाबूराव विष्णू पराडकर या काशीकर मराठी संपादकाने. वृंदावन येथे १९२५ मध्ये भरलेल्या हिंदी संपादक संमेलनात पराडकरांनी एक इशारा दिला होता. उद्याची वृत्तपत्रे अधिक देखणी होतील आणि त्यांचा पसाराही वाढेल. परंतु ती चालविण्यासाठी मोठे भांडवल लागेल आणि संपादकाचे स्वातंत्र्य आक्रसत जाईल, असा त्याचा आशय होता. जवळजवळ शतक उलटल्यानंतर प्रश्न एवढाच उरतो की, या इशाऱ्याची दखल देशाच्या कायद्याने घेतली आहे काय?

याच हिंदी पट्ट्यातील दोन व्यवहार पाहावेत. 'दैनिक जागरण' १९४२ मध्ये झाशीत सुरू झाले आणि पुढे कानपूरहून वाढले. या समूहाने २०१० मध्ये मुंबईच्या 'मिड-डे'चा मुद्रित व्यवसाय आपल्याकडे घेण्याचा करार केला. त्यानंतर २०१२ मध्ये इंदूरचे 'नईदुनिया' सुमारे २२५ कोटी रुपयांना घेतले. राहुल बारपुते आणि राजेंद्र माथुर यांच्या संपादनाखाली नावारूपाला आलेल्या 'नईदुनिया'शी माळव्यातील मराठी कुटुंबांचाही जिव्हाळा होता. या व्यवहारांत गैर काही घडले, असे कोणी म्हणणार नाही. मुद्दा निराळा आहे. वृत्तपत्राची मालकी बदलताना वाचकाच्या वतीने नेमके काय तपासले जावे, हे आपल्याकडे ठरलेलेच नाही.

१९६९ च्या मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यात विलीनीकरणास पूर्वपरवानगीची तरतूद होती. उदारीकरणाच्या ओघात १९९१ मध्ये ती वगळली गेली. २००२ मध्ये स्पर्धा कायदा आला, तरी त्यातील विलीनीकरणाची कलमे १ जून २०११ पासून लागू झाली. म्हणजे वीस वर्षे या कायद्यांखाली कोणत्याही विलीनीकरणाची आगाऊ तपासणी नव्हती. 'मिड-डे'चा करार याच काळातला. ही कलमे लागू झाल्यावरही चाळणीची भोके मोठीच राहिली. मार्च २०२४ च्या सुधारित मर्यादेनुसार विकत घेतल्या जाणाऱ्या उद्योगाची देशातील मालमत्ता ४५० कोटींपर्यंत किंवा उलाढाल १२५० कोटींपर्यंत असेल, तर स्पर्धा आयोगाकडे जाण्याची गरज नाही. व्यवहाराच्या मूल्याची कसोटी सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. ती २००० कोटी रुपयांवर सुरू होते. 'नईदुनिया'ची किंमत या रकमेच्या नवव्या हिश्श्याइतकीच होती. जिल्ह्याचे जनमत घडविणारे दैनिक ताळेबंदात किरकोळ ठरते आणि दारावरूनच पुढे जाते.

मोठा व्यवहार आयोगापुढे आला, तरी तो तोलला जातो स्पर्धेवरील प्रतिकूल परिणामाच्या तराजूत. बाजारातील हिस्सा, दर, नव्या स्पर्धकाला येणारे अडथळे ही त्याची वजने. ऑगस्ट २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम व्यवसायांच्या एकत्रीकरणाला सशर्त मंजुरी मिळाली, तेव्हाही भर क्रिकेटच्या प्रक्षेपणातील जाहिरातदरांसारख्या गोष्टींवर होता. आयोगाचे यात चुकले नाही. कायद्याने त्याच्या हाती हीच मोजपट्टी दिली आहे. जाहिरातीचा दर मोजता येतो. न छापलेल्या बातमीला दर नसतो. एका शहरातील दोन दैनिके एका मालकाकडे गेल्यावर नगरपालिकेच्या गैरकारभाराची बातमी दाबायला दोन ठिकाणी जावे लागत नाही, एकच दार पुरते. ही हानी स्पर्धा कायद्याच्या भाषेत कोठेच उमटत नाही.

संसदेने हा विषय कधी हाताळलाच नाही, असे मात्र नाही. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये पाने आणि किंमत यांची सांगड घालण्याची शिफारस केली. बड्या पत्रांनी स्वस्तात जास्त पाने देऊन छोट्यांना चिरडू नये, हा हेतू. त्यानुसार १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश निघाला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. हे पत्र तेव्हा सात नव्या पैशांत आठवड्याच्या सहा दिवसांत चौतीस पाने देत असे. तेवढीच पाने ठेवायची तर किंमत आठ नवे पैसे करणे भाग होते. २५ सप्टेंबर १९६१ रोजी न्या. मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालाने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरविले. व्यापारावर सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतात. अभिव्यक्तीवर मात्र घटनेने नमूद केलेल्या कारणांखेरीज घालता येत नाहीत, हे त्याचे सार. १९७२ च्या 'बेनेट कोलमन' निकालात पानांवरील मर्यादाही गेली. तेव्हा भिन्नमत नोंदविणारे न्या. मॅथ्यू यांच्याच अध्यक्षतेखाली दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने १९८२ मध्ये मालकीच्या केंद्रीकरणाचा प्रश्न पुन्हा मांडला. तो अहवाल कपाटात राहिला.

या निकालांचा राज्यकर्त्यांनी घेतलेला अर्थ असा की, वृत्तपत्रांच्या मालकीला हात लावू नये. हा अर्थ निकालांहून फार मोठा आहे. न्यायालयाने नाकारले ते पाने आणि खप यांना कात्री लावणारे साधन. दोन मालक्या एक होण्यापूर्वी वाचकापुढे किती स्वतंत्र पत्रे उरतील, हे पाहणारी तपासणी एकाही पानाला स्पर्श करीत नाही. 'सकाळ'चा निकाल तिच्या आड येतोच, असे मानण्याचे कारण नाही.

साधनेही तयार आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये भाषा आणि राज्य हे एकक धरून वृत्तमाध्यमांतील केंद्रीकरण मोजण्याची पद्धत सुचविली. तिच्यात एक उणीव आहे. वाराणसीचा वाचक मेरठ आणि लखनौच्या पत्रांतून निवड करीत नाही; आवृत्ती शहराची असते, म्हणून मोजमापही शहराचे हवे. संसदेला संधी २०२३ मध्ये मिळाली होती. १८६७ च्या कायद्याची जागा घेणारे वृत्तपत्र नोंदणी विधेयक तेव्हा दोन्ही सभागृहांत संमत झाले. त्यात नोंदणी सुलभ झाली. मालकीच्या केंद्रीकरणावर शब्द नाही.

यावरील सर्वात गंभीर आक्षेप सरकारच्या हेतूंविषयीचा आहे. ब्रिटनच्या २००२ च्या कायद्यानुसार बातमीची अचूकता, मतस्वातंत्र्य आणि पत्रांची विविधता यांसाठी मंत्र्याला वृत्तपत्रांच्या विलीनीकरणात हस्तक्षेप करता येतो. आपल्याकडे सरकार हाच मोठा जाहिरातदार. मंत्र्याच्या हाती ही दोरी देणे म्हणजे रोग हटवून विष पाजणे होईल. अधिकार आयोगाचाच हवा, निर्णय लेखी कारणांसह आणि मुदतीत हवा, त्यावर अपिलाची सोय हवी. बुडणारे पत्र वाचविण्यासाठी होणाऱ्या विक्रीला सवलतही हवी, कारण बंद पडलेले पत्र हाही एक हरवलेला आवाजच.

यासाठी नवा नियामक उभारण्याची गरज नाही. वृत्तपत्रांच्या खरेदीला ४५० आणि १२५० कोटींच्या सवलतीतून वगळावे आणि शहरातील पत्रांची विविधता हा तपासणीचा निकष कायद्यात लिहावा. एवढ्या दोन दुरुस्त्यांना एक छोटे विधेयक पुरेल. ते कोणता पक्ष मांडतो, यावरून पराडकरांचा वारसा सांगणाऱ्यांची पारख होईल.